नाही म्हणण्याचा पगार

आमच्या घराण्यात आकाशाशी संबंध असलेली माणसे आजवर दोनच झाली. एक माझे आजोबा, जे पत्रिका बघत. आणि दुसरा माझा भाचा, जो विमान चालवतो. आजोबा ओसरीवर बसल्या बसल्या शनी-मंगळाला या घरातून त्या घरात हलवीत आणि वर दक्षिणा घेत. भाच्याला त्यासाठी पहाटे तीनला उठावे लागते.

भाचा चार्टर जेट चालवतो. हे वाक्य लग्नाच्या पंगतीत उच्चारले की दोन प्रकारचे परिणाम होतात. तरुण मंडळी जेवण थांबवून बघतात. वडील मंडळी मात्र सहानुभूतीने विचारतात, "म्हणजे मोठ्या कंपनीत नाही लागला का?" "नाही, खासगी विमान असतं. भाड्याने देतात," असे आमची ताई सांगते. "असं होय," म्हणून ते मठ्ठ्याकडे वळतात. त्यांच्या डोळ्यांपुढे लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी आणि खिडकीतून डोके काढून पान थुंकणारा चालक उभा राहतो. "होईल हो कुठेतरी पर्मनंट," असा आशीर्वाद देऊन ते जिलबी मागतात.

मी स्वतः बँकेत कारकून. हल्ली आम्हाला कारकून म्हणत नाहीत, 'सिंगल विंडो ऑपरेटर' म्हणतात. नाव बदलले, पण खिडकीपलीकडची माणसे तीच आहेत. विमानात मी आजवर दोनदा बसलो, दोन्ही वेळा एल.एफ.सी.वर. त्यामुळे भाच्याबद्दल माझ्या मनात अनेक वर्षे हेवा होता. एवढीशी सात-आठ खुर्च्यांची चिमणी, त्रेचाळीस हजार फुटांवर जाते, म्हणजे एल.एफ.सी.वाल्यांच्या मोठ्या विमानांच्याही डोक्यावरून. आज उदयपूर, उद्या गोवा, परवा दुबई. एकदा दिवाळीला तो घरी आला तेव्हा मी विचारले, "उदयपूर कसं आहे रे? आम्हाला जायचंय."

"सपाट आहे," तो म्हणाला.

"सपाट? तिथे तर तलाव, महाल..."

"ते वरून दिसतात, मामा. मी विमान उभं करायच्या फरशीबद्दल बोलतोय. अकरा वेळा गेलोय. फरशी छान आहे."

त्यानंतर त्याने आपल्या दिवसाची जी हकीकत सांगितली, ती ऐकताना माझ्या हेव्याची हवा हळूहळू गेली. मुंबई विमानतळाच्या कलिना बाजूला खासगी विमानांचे वेगळे दार आहे. आपण सामान्य माणसे दुसऱ्या बाजूला रांगेत उभी असतो. या दारातून गिऱ्हाईक मोटारीतून उतरते आणि पाच-दहा मिनिटांत आकाशात असते. पण त्या पाच मिनिटांसाठी भाचा दोन तास आधी आलेला असतो. हवामानाचे कागद वाचायचे, मार्ग नोंदवायचा, इंधन किती घ्यायचे ते ठरवायचे. नळीत फुंकर मारून आपण प्यालेलो नाही हे सिद्ध करायचे. यात गंमत नाही बरे का. तोंड धुवायच्या औषधातसुद्धा अल्कोहोल असेल तर यांना चालत नाही. ताईच्या द्राक्षासवाला ठाम नकार देणारा आमच्या घराण्यातला हा पहिला पुरुष. नंतर जे काही घडले त्याची सुरुवात मी तिथूनच धरतो.

हे झाले वैमानिकाचे काम. छोट्या विमानात हवाई सुंदरी वगैरे नसते. तेव्हा बर्फ आला का, शेटजींचे वर्तमानपत्र आले का, जैन जेवणाचा डबा आणि बिनजैन डबा यांच्यात अंतर आहे का, संडास स्वच्छ आहे का, हेही सोनेरी पट्ट्यांच्या त्या दोन माणसांनीच बघायचे. बॅगासुद्धा बहुधा तेच चढवतात. आणि वजन! लहान विमानात माणसांचे आणि सामानाचे खरे वजन कळणे जरुरीचे असते. आता बायकोला तिचे वजन विचारायची हिंमत मी लग्नाच्या विसाव्या वर्षीही केलेली नाही, आणि हा पोरगा ते रोज दुसऱ्यांच्या बायकांना विचारतो. बायका दहा किलो कमी सांगतात, बॅगा मुळीच काही सांगत नाहीत. लग्नाच्या मोसमात म्हणे विमानापेक्षा शालू जड होतात.

पण त्याच्या नोकरीचा मोठा भाग उडण्याचा नाही. तो वाट पाहण्याचा आहे. गिऱ्हाईक "दोन तासांत येतो" म्हणून मीटिंगला जाते. दोनाचे पाच होतात, पाचाचे आठ. हे दोघे विमानाच्या सावलीत नाहीतर विमानतळावरच्या एखाद्या खोलीत, छताच्या पंख्याखाली. गाव बघायला जावे, तर तेवढ्यात शेटजी आले तर? आणि इथे एक गंमत आहे. वैमानिकाच्या ड्यूटीचे तास कायद्याने ठरलेले. घड्याळ त्याने कामावर हजेरी लावल्यापासून चालू होते, विमान उडो की न उडो. म्हणजे नऊ तास नुसते बसून काढले तरी ते कामाचेच. मग संध्याकाळी गिऱ्हाईक येते, आता आणखी एका गावाला जाऊ म्हणते, आणि भाचा सांगतो, "सर, माझे तास संपताहेत." त्यावर गिऱ्हाईक म्हणते,

"दिवसभर बसूनच तर होता!"

हे वाक्य ऐकताच मी भाच्याला मिठीच मारायची बाकी ठेवली. गेली बावीस वर्षे खिडकीपलीकडून हेच वाक्य मी ऐकत आलो आहे. तेव्हा मला कळले की हा पोरगा परका नाही. आमच्याच धंद्यातला आहे. मी दुसऱ्याचे पैसे मोजतो, तो दुसऱ्याचे प्रवास करतो. दिवसाला माझ्या हातातून लाखो रुपये जातात आणि संध्याकाळी मी भाजीवाल्याशी दोन रुपयांवरून भांडतो. त्याच्या विमानाचे तासाचे भाडे लाखात, आणि तो घरी येतो लोकलने.

सौ.ला यातली एकच गोष्ट लक्षात राहिली. गिऱ्हाइकाला सोडून विमान पुष्कळदा रिकामे परत येते. "मग आपल्याला तिरुपतीहून आणायला काय हरकत आहे?" असे तिचे म्हणणे. भाच्याने तिलाही नाही म्हटले. विमान कंपनीचे, फेरी गिऱ्हाइकाने पैसे मोजून घेतलेली, आपण मामी म्हणून कशी बसणार? सौ. दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

आता मुद्द्यावर येतो. मागच्या वर्षी तो आला तो अवेळी, ना सण ना वार. एका गिऱ्हाइकाने, ज्याचे काम तो तीन वर्षे करत होता, कंपनीला कळवले होते की पुढच्या वेळी दुसरा कॅप्टन द्या. कारण साधे होते. एका छोट्या गावाची धावपट्टी, गावाचे नाव सांगत नाही. तिथे रात्रीचे दिवे नाहीत. सूर्य मावळायच्या आत निघायचे, हे सकाळीच सांगून ठेवलेले. गिऱ्हाईक आले तेव्हा सूर्य डोंगराच्या टोकावरून गेलेला, वर पश्चिमेकडून ढग भरून आलेले. भाचा म्हणाला, "सर, आज नाही." गिऱ्हाईक ओरडले नाही. 'तुला विकत घेईन' वगैरे सिनेमातले काही म्हणाले नाही. नुसते घड्याळाकडे बघून शांतपणे म्हणाले, "तुम्हाला जमणार नाही का, कॅप्टन? आधीचे कॅप्टन जायचे."

बस. एवढेच. मग ते मोटारीने सात तास प्रवास करून मुंबईला गेले आणि भाचा आणि त्याचा को-पायलट एसटी स्टँडसमोरच्या लॉजवर डास मारत राहिले.

"आणि मामा," भाचा म्हणाला, "रात्री नऊ वाजता खिडकीतून बघितलं तर आकाश स्वच्छ! चांदणं पडलेलं. ढग गेले निघून. गेलो असतो तर बहुतेक काही झालं नसतं."

ही खरी अडचण आहे. मी कॉमर्सचा पदवीधर. जगातल्या प्रत्येक व्यवहाराच्या दोन बाजू असतात, एक डेबिट आणि एक क्रेडिट, असे आम्हाला कॉलेजात शिकवले. पण न झालेल्या अपघाताची नोंद कुठे करायची? हो म्हटले आणि वाईट झाले तर चौकशी बसते, अहवाल निघतो, सगळ्यांना कळते. हो म्हटले आणि काही झाले नाही तर माणूस धाडसी ठरतो, 'आधीचे कॅप्टन' ठरतो. नाही म्हटले तर मात्र पुढे काहीच घडत नाही. डास चावतात, सात तासांचा मोटारीचा प्रवास होतो, गिऱ्हाईक जाते. हे सगळे खर्चाच्या बाजूला, डोळ्यांना दिसणारे. जमेच्या बाजूला कोरा कागद. आपण बरोबर होतो याचा पुरावा नाही म्हणणाऱ्याला जन्मभर मिळत नाही.

भाच्याने मग मला दोन अपघात सांगितले. दोन्ही अमेरिकेतले. तिथे चौकशीचे अहवाल जाहीर होतात आणि कुणालाही वाचता येतात. मीही नंतर वाचले. आमच्या बँकेच्या एखाद्या परिपत्रकापेक्षा ते समजायला सोपे गेले.

पहिला २९ मार्च २००१चा. कॅलिफोर्नियातून कोलोरॅडोतल्या अ‍ॅस्पेनला निघालेले भाड्याचे गल्फस्ट्रीम जेट. अ‍ॅस्पेन म्हणजे श्रीमंतांचे बर्फात घसरायला जायचे गाव. चहूकडे डोंगर, आणि त्या जातीच्या विमानाला सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासापर्यंतच तिथे उतरायची मुभा. पाहुणे विमानतळावर उशिरा आले, विमान उशिरा निघाले. जमले नाही तर विमान दुसरीकडे न्यावे लागेल, ही गोष्ट भाड्याने घेणाऱ्याला मुळीच रुचली नव्हती, आणि ते कॅप्टनपर्यंत पोचले होते. संध्याकाळचा अंधार, बर्फ पडतोय, धावपट्टी दिसत नाही. तरी विमान खाली आणले. डोंगराच्या उतारावर आदळले. अठराच्या अठरा माणसे गेली. चूक वैमानिकांची होती असे चौकशीने म्हटले. पण हातभार लावणाऱ्या कारणांत, गिऱ्हाइकाच्या इच्छेचा कॅप्टनवर आलेला दबाव, हेही लिहिले.

दुसरा २६ जानेवारी २०२०चा, लॉस एंजेलिसजवळच्या कॅलाबासासचा. हे जेट नव्हते, हेलिकॉप्टर होते, पण भाड्याचेच. बास्केटबॉलचा प्रख्यात खेळाडू कोबी ब्रायंट, त्याची तेरा वर्षांची मुलगी, आणखी सहा जण आणि वैमानिक. सकाळी धुके आणि ढग. जमीन दिसेल असेच उडायचे, या अटीवर निघालेले हेलिकॉप्टर ढगात शिरले, वैमानिकाचे दिशेचे भान सुटले, आणि टेकडीवर पडले. नऊ जण गेले. आता इथे लक्ष द्या. चौकशीवाल्यांनी तपासले की गिऱ्हाइकाने घाई केली होती का, कंपनीने दटावले होते का. तसे काही सापडले नाही. अहवालात त्यांनी लिहिले की दबाव असलाच तर तो बहुधा वैमानिकाने स्वतःच स्वतःवर घेतलेला होता.

"पहिल्याची मला भीती वाटत नाही, मामा," भाचा म्हणाला. "कुणी ओरडलं तर मी ओरडून नाही म्हणू शकतो. नियमाचं पुस्तक दाखवतो. पण कुणी काही बोललंच नाही तर? गिऱ्हाईक चांगलं आहे, तीन वर्षं ओळख आहे, दिवाळीला मिठाई देतं. त्याला नाही म्हणताना मी पुस्तक कुणाला दाखवू?"

मग त्याने आमच्या जेवणाच्या टेबलावर मला एक गोष्ट दाखवली. पोह्यांची बशी म्हणजे धावपट्टी, चमचा म्हणजे विमान. धावपट्टीवर पळताना एक वेग असतो, त्याला व्ही-वन म्हणतात. विमानाचे वजन, हवेचे तापमान, पट्टीची लांबी, सगळे धरून तो दर खेपेला काढायचा. त्या वेगापर्यंत काही बिघडले तर थांबता येते. त्यानंतर थांबायला पट्टी उरत नाही; एक इंजिन गेले तरी वर जायलाच हवे. म्हणून तोवर कॅप्टनचा हात इंजिनाच्या दांड्यांवर असतो, कधीही मागे खेचायच्या तयारीत. बाजूचा वैमानिक "व्ही-वन" म्हणाला, की कॅप्टन हात काढून घेतो.

"मुद्दाम?"

"मुद्दाम. हात तिथे राहिला तर घाबरून मागे ओढायचा मोह होतो. ती वेळ गेलेली असते." त्याने चमचा बशीच्या कडेवरून उचलला आणि पोहे खाल्ले. मग म्हणाला, "मी त्या दिवशी बरोबर केलं ना?"

मामाने अशा वेळी काय म्हणायचे ते ठरलेले असते. "अर्थात! तत्त्व महत्त्वाचं!" माझ्या तोंडापर्यंत ते आलेही होते. पण त्याआधी एक सही डोळ्यांपुढे आली.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शाखेत एका निवृत्त शिक्षकांचे खाते आहे. त्यांचा मुलगा गावातले मोठे प्रस्थ; त्याच्या चालू खात्यावर शाखेची निम्मी शान अवलंबून. एका दुपारी मुलगा वडिलांची मुदत ठेवीची पावती घेऊन आला. पावणेदोन लाखांची, मुदत संपायला चौदा महिने बाकी. मोडायची होती. पावतीमागे वडिलांची सही. "बाबांचा हात हल्ली थरथरतो," तो म्हणाला. मी न विचारता म्हणाला. पडद्यावर नमुन्याची सही होती. ती बघायला मला दोन सेकंद लागली आणि ती सरांची नाही हे कळायला एक.

तुम्ही म्हणाल, साहेबांनी दबाव आणला असेल. नाही हो. साहेबांनी काचेच्या केबिनमधून नुसते बघितले आणि शिपायाला त्याच्यासाठी चहा सांगितला. मुलाने मला दम दिला नाही. उलट "आरामात करा," म्हणाला. मला काय करायचे होते? "सरांना एकदा घेऊन या," एवढेच म्हणायचे. सरांचे घर शाखेपासून रिक्षाने दहा मिनिटांवर. चार शब्दांचे वाक्य. मी ते मनात जुळवत होतो आणि तेवढ्यात हाताने शिक्का उचलला. आमच्याकडे विमानासारखेच दोन माणसांचे काम असते. मी नोंदवायचे, अधिकाऱ्याने तपासून मंजूर करायचे. मी नोंदवले म्हणजे मी सही बघितली असणार, असे अधिकाऱ्याला वाटले. अधिकारी बघेलच, असे मला वाटून घ्यायचे होते. त्यामुळे सही कुणीच बघितली नाही.

तीन महिन्यांनी सर आले, व्याजाचे विचारायला. मी म्हटले, "सर, ती ठेव तर मोडली." ते उभेच राहिले. मी पावती काढून दाखवली. माझे हात गार पडले होते. त्यांनी चष्मा पुसला, पावती उलटी करून बराच वेळ बघितली. मग माझ्याकडे बघितले, केबिनकडे बघितले. आणि म्हणाले, "हो. माझीच सही आहे. त्या दिवशी हात थरथरत असेल."

हे सांगून त्यांनी पेन्शनमधून दोन हजार काढायची स्लिप भरली. तिच्यावर सही केली. फळ्यावर काढावी तशी, ठळक, शेवटच्या अक्षराला ठरलेली वेलांटी. एक रेघ हलली नाही.

भाच्याला हे सांगितले तेव्हा पोहे गार झाले होते. सौ. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती; तिलाही हे ठाऊक नव्हते. भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? सरांसाठी चहा सांगितला. बिनसाखरेचा."

त्याला यावर हसावे की नाही कळेना, मलाही नाही. मी कुणाला काही सांगितले नाही, सरांनीही नाही. खातेदारच सही माझी आहे म्हणतोय, मग कागदोपत्री सगळे बरोबर. तक्रार नाही, चौकशी नाही. ऑडिटवाले आले, त्या पावतीवर हिरवी टिकली मारून गेले. अ‍ॅस्पेनच्या कॅप्टनची चूक डोंगरावर पडलेली सगळ्या जगाने बघितली. माझी फायलीत नीट टाचून ठेवली आहे. तिच्याबद्दल मला त्याच वर्षी एक इन्क्रिमेंटही मिळाली, म्हणजे अर्थात तिच्याबद्दल नव्हे, पण त्याच वर्षी.

त्या रात्री भाचा आमच्याकडेच झोपला. साडेनऊला कंपनीचा फोन आला. नवे गिऱ्हाईक, पहाटे साडेपाचला निघायचे, सहा माणसे, बॅगा सांगितलेल्या नाहीत. "बॅगा किती ते आत्ता विचारा, सकाळी नको," एवढे त्याने दोनदा बजावले. मग गॅलरीत जाऊन आकाशाकडे बघत उभा राहिला. डोंबिवलीच्या आकाशात बघण्यासारखे काय असते कोण जाणे. पहाटे अडीचला तो निघाला तेव्हा मी जागाच होतो.

सर अजून येतात. आता वय ऐंशीच्या पुढे. परवा नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला आले होते. माणूस समोर जिवंत उभा असला तरी तो जिवंत आहे असे त्याने सही करून द्यावे लागते. त्यांनी खुर्ची ओढली, सावकाश सही केली आणि कागद माझ्या बाजूला फिरवला. मी पडद्यावर नमुना काढला. गरज नसते, आम्ही एकमेकांना वीस वर्षे ओळखतो. तरी मी काढतो, आणि एकेक अक्षर ताडून बघतो. मागे रांग खोळंबते, कुणीतरी "दिवसभर बसूनच असतात" असे पुटपुटते. सर पेनाचे टोपण लावत शांतपणे बसून राहतात.

"जुळते?" त्यांनी विचारले.

"जुळते, सर."

"नीट बघितलंत ना?"